रोलर कोणत्या टोकाला? इंजिनातील एका तरफेचा इतिहास

तरफ शिकवताना आपण कात्री, अडकित्ता आणि पहार यांची उदाहरणे देतो. शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मोटरसायकलीच्या पोटातही एक तरफ आहे आणि गाडी वेगात असताना ती मिनिटाला हजारो वेळा डोलते. पाठ्यपुस्तकात मात्र ती सहसा भेटत नाही. मेकॅनिक तिला रॉकर म्हणतात. इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी कंपनीने दिलेला रॉकर काढून बाजारात मिळणारा रोलरचा रॉकर बसवावा, असे शर्यतीच्या गाड्यांची आवड असलेल्या तरुणांना सुचवले जाते. हा भाग स्वस्त नसतो, आणि चुकीचा निवडला तर इंजिनच निकामी होऊ शकते. म्हणून निवड कशी करावी हे पाहू. पण त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना या तरफेची गरज नव्हती. त्यांच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला असत आणि खालून कॅम त्यांना सरळ वर ढकलत असे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीची रचना अशीच होती. या रचनेत ज्वलनाची जागा बाजूला पसरते आणि संपीडन फार वाढवता येत नाही. झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नेल्या की ही अडचण दूर होते. पण मग खालच्या कॅमने दिलेला वरचा धक्का झडपेपाशी खाली वळवायचा कसा? मध्ये टेकू आणि दोन्ही बाजूंना भुजा असलेली पहिल्या प्रकारची तरफ हेच त्याचे उत्तर होते. अमेरिकेत ब्युइक कंपनीने १९०४ मध्ये असे इंजिन असलेल्या मोटारी विकायला सुरुवात केली. कॅमने उभी दांडी उचलायची, दांडीने रॉकरचे एक टोक उचलायचे आणि दुसऱ्या टोकाने झडप दाबायची, अशी ही साखळी.

महाराष्ट्रात ही साखळी खेड्यापर्यंत पोचली ती मोटारींपेक्षा डिझेल इंजिनांमुळे. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते.) पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली. सावली तालुका घ्या. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला जाताना लागणारा, आसोला मेंढा तलावाच्या पाण्यावर पिकणारा हा भाताचा मुलूख. अशा भागात वीज पोचण्याआधी धान भरडायचे किंवा पाणी उपसायचे तर ते डिझेल इंजिनावरच.

किर्लोस्करचे पाच अश्वशक्तीचे एव्ही-१ हे इंजिन उदाहरणादाखल घेऊ. एकच सिलिंडर, व्यास ८० मिलिमीटर, धाव ११० मिलिमीटर, वेग मिनिटाला १५०० फेरे. चार-धावी इंजिनात कॅम निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्रत्येक रॉकर मिनिटाला ७५० वेळा, सेकंदाला साडेबारा वेळा डोलतो. आठ तासांच्या कामात हा आकडा ३ लाख ६० हजार होतो. इतके असूनही साधा, रोलर नसलेला रॉकर तिथे वर्षानुवर्षे टिकतो. कारण वेग कमी आहे. झडप व रॉकर यांना पुढे-मागे हलवायला लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेच इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरवायचे म्हटले तर वेग चौपट आणि बल सोळापट होईल. शर्यतीच्या इंजिनाचे सगळे दुखणे या वर्गात आहे.

१९५५ मध्ये शेव्हरले कंपनीच्या नव्या व्ही-८ इंजिनात पोलादी पत्रा दाबून घडवलेले हलके रॉकर आले. स्वस्त, हलके, आणि भुजांचे गुणोत्तर दीड. हे इंजिन शर्यतवाल्यांचे लाडके झाले आणि त्याच्यासाठी सुटे भाग बनवणाऱ्यांचा एक मोठा धंदाच उभा राहिला. त्यांनी रॉकरच्या झडपेकडील नाकावर छोटे चाक बसवले आणि टेकूच्या जागी सुईसारख्या बारीक रोलरांचे बेअरिंग घातले. हाच तो रोलर रॉकर. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ज्या शर्यती होत, त्यांत मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या फियाट गाड्याही धावत. त्यांचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिनही दांडी आणि रॉकरचेच. तसे सुईबेअरिंग करण्याचे तंत्र १९६५ मध्ये फ्रान्सच्या नाडेला कंपनीच्या सहकार्याने आपल्याकडे आले आणि ठाण्यात ही बेअरिंगे बनू लागली.

आता चाकाने नेमके काय साधते? यासाठी आपली बैलबंडी पाहावी. बंडीचे चाक जमिनीवर घरंगळते खरे, पण आसावर ते सरकतच असते. म्हणून तर वंगण लागते. फायदा एवढाच की घासण्याचे अंतर चाकाच्या परिघावरून आसाच्या परिघावर आले, म्हणजे दोन त्रिज्यांच्या प्रमाणात कमी झाले. बेअरिंग घातलेल्या टायरच्या बंडीत तेही घासणे जवळपास संपते. साध्या पिनेवर फिरणारा रोलर म्हणजे लाकडी चाकाची बंडी, आणि सुईबेअरिंगवरचा रोलर म्हणजे टायरची बंडी.

मग घासणे सर्वांत जास्त कुठे होते? एक ढोबळ हिशेब करू. रॉकरचे नाक कंसात फिरते, त्यामुळे झडपेच्या माथ्यावरून ते जेमतेम एक-दोन मिलिमीटर सरकते. उघडताना एकदा, मिटताना एकदा. उलट कॅमचा व्यास ३० मिलिमीटर धरला तर त्याचा सुमारे ९५ मिलिमीटरचा सगळा परीघ प्रत्येक फेऱ्यात समोरच्या भागावरून घासत जातो. म्हणजे रोलरची खरी गरज कॅमपाशी आहे. नाकावरचा रोलर दिसायला देखणा. पण तो काही अंशच फिरतो आणि टेकूपासून सर्वांत दूर वजन वाढवतो. जडत्वाचे आघूर्ण अंतराच्या वर्गाने वाढते. स्प्रिंग कमजोर असेल तर असा रॉकर उलट लवकर कॅमची साथ सोडतो आणि झडप तरंगू लागते.

मोठ्या कारखान्यांनी हे ओळखले, पण ताकदीसाठी नव्हे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये मोटारींच्या इंधनबचतीचा कायदा केला. घर्षणाचा थेंबन् थेंब मोजला जाऊ लागला. फोर्डने १९८५ मध्ये मस्टँगच्या व्ही-८ इंजिनात रोलर बसवला तो कॅमवर टेकणाऱ्या टॅपेटला. शेव्हरलेनेही १९८७ मध्ये तेच केले. पुढे १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये रॉकरच्या टेकूला सुईबेअरिंग आले, नाक मात्र साधेच राहिले. यात दुसराही फायदा झाला. साध्या टॅपेटला वाचवणारे जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्य तेलात घालावे लागते, आणि फॉस्फरस धुराड्यातील उत्प्रेरकाला मारक असतो. रोलरमुळे ते कमी करणे सोपे गेले. आज आपल्याकडच्या कित्येक साध्या मोटरसायकलींतही रोलर रॉकर असतो आणि त्याचा रोलर कॅमच्या टोकाला असतो. म्हणजे ज्या वस्तूसाठी मुलगा पैसे जमवतो आहे, ती कदाचित त्याच्या गाडीत आधीपासूनच आहे!

राहिले गुणोत्तर. ताकद वाढते ती बहुधा रोलरने नव्हे, यानेच. कॅमची उचल ८ मिलिमीटर असेल तर १.५ गुणोत्तराने झडप १२ मिलिमीटर उघडते, १.६ ने १२.८. हवा थोडी जास्त आत जाते. पण ते ०.८ मिलिमीटर पिस्टन आणि झडप यांच्यामधल्या जागेतूनच येतात, आणि स्प्रिंगही तेवढीच जास्त दबते. शिवाय झडपेच्या जडत्वाचा कॅमवर येणारा भार गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. ही मापे न घेता केलेली खरेदी आमच्या मते जुगारच. धातूचेही तसेच. ॲल्युमिनियमचा रॉकर शर्यतीपुरता ठीक. पण या धातूला थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. भार कमी असला तरी कोट्यवधी हेलकाव्यांनंतर तो तडकू शकतो. रोजच्या गाडीला पोलादच बरे.

वर्गात दाखवायला भंगारातून डिझेल पंपाचा जुना रॉकर आणावा. टेकूपासून दोन्ही भुजा पट्टीने मोजून गुणोत्तर काढता येते. नाकावर घासून चकाकलेला अरुंद पट्टा दिसतो. त्याची रुंदी मुलांना मोजू द्यावी. जुना कॅम मिळाला तर त्याच्याभोवती दोरा गुंडाळून परीघ काढावा आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत.