जेवणाच्या टेबलावरची वळणं

नातवासाठी आलेला जर्मन आगगाडीचा संच उघडला आणि मी आधी मोजपट्टी शोधली. जन्म रुळांच्या देखभालीत गेला. वळण दिसलं की हात मोजायला जातोच. वर्तुळाचे बारा तुकडे, प्रत्येक ३० अंशांचा, त्रिज्या ३६० मिलिमीटर. गाडी १:८७ प्रमाणातली, म्हणजे खऱ्या मापात जेमतेम ३१ मीटर. आमच्या ब्रॉडगेजला १७५ मीटरच्या आतलं वळण चालत नाही. ते प्रमाणात उतरवायचं तर चार मीटर व्यासाचं वर्तुळ होईल. एवढा दिवाणखाना कुणाकडे असतो?

जर्मन घरांतही नसावा. हा संच बनवणाऱ्या मार्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत गेजांना, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरांना, क्रमांक देऊन रूळ मांडले, तेव्हाच्या गाड्या थोराड, जमिनीवर पसरायच्या. न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीने १९२२ मध्ये १६.५ मिलिमीटर गेजची गाडी काढली, तिचं नावच मुळी ‘टेबलावरची रेल्वे’. १९३५ मध्ये ट्रिक्स आणि मार्कलिन या कंपन्या याच गेजवर आल्या. हेच पुढे एचओ झालं, म्हणजे ‘शून्य’ गेजच्या निम्मं. माझं मत विचाराल तर ही त्रिज्या इंजिनियरने नाही, सुताराने ठरवली.

वळण आखडलं की बाकी सगळं त्याच्यामागे आखडतं. लांब डबे वर्षानुवर्षं प्रमाणापेक्षा आखूड बनत राहिले, नाहीतर वळणावर त्यांची टोकं भलतीकडे निघतात. आणि सांधा, जिथे एका मार्गातून दुसरा फुटतो! आमच्याकडे यार्डात एकास साडेआठ, वेगाच्या मार्गावर एकास बारा. म्हणजे पावणेसात आणि पावणेपाच अंश. मार्कलिनच्या सी-ट्रॅक रुळांचा नेहमीचा सांधा २४.३ अंशांचा, आमच्या हिशेबात एकास सव्वादोन. गँगचा मुकादम पोट धरून हसला असता. मीही हसलो, पण बॉक्समध्ये ५.७ अंशांचा चिमुकला तुकडा सापडला आणि गप्प झालो. सांध्यापुढे तो जोडला की बरोब्बर ३०. कुणीतरी बसून नीट गणित केलं आहे.

चूक माझीच झाली. डावं वळण संपताच उजवं लावलं. मागे ढकलताना डबे एकमेकांना आडवे रेटू लागले आणि तिसरा डबा दर फेरीला घसरायचा. ‘‘आजोबा, तुमची गाडी पण पडते?’’ नातवाने विचारलं. ज्या उलटवळणाबद्दल ज्युनियरांना झापायचो, तेच मी घरी केलं होतं. मध्ये एक सरळ तुकडा घातला, गाडी सुरळीत झाली. रूळ मात्र टेबलाबाहेर वीतभर गेला. सध्या शेजारी शिवणयंत्राचं टेबल जोडलं आहे.