सरळ रेषा आणि हवेंतील वाट

दोन विमानतळांमधील अंतर काढणें हें गणिताच्या दृष्टीनें कठीण नाहीं. दोहोंचे अक्षांश-रेखांश घ्यावे, पृथ्वी वाटोळी धरून त्यांच्यामधील महावृत्ताचा कंस काढावा आणि दर अंशास १११ किलोमीटर याप्रमाणें गुणावें, कीं उत्तर तयार. या हिशेबानें कराचीहून मुंबई सुमारें ८७५ किलोमीटर भरते. ताशीं शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, वेगाचें विमान तेथें साडेपांच तासांत पोंचेल, असें शाळकरी मुलगाही सांगेल. परंतु या मार्गावर टाटांची टपालसेवा ज्या दिवशीं सुरू झाली, त्या दिवसास हें उत्तर लागू पडत नाहीं. आणि तें कां पडत नाहीं, हाच आम्हांस इतिहासाचा प्रश्न वाटतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा 'पस मॉथ' विमानांतून टपाल घेऊन पहाटे कराचीहून निघाले, ते दुपारीं जुहूस उतरले. त्यांचा वेग ताशीं शंभर मैलांच्याच आसपास होता. मात्र वाट सरळ नव्हती. सरळ रेषा कच्छ-काठेवाडवरून येऊन शेवटचे अडीचशे किलोमीटर खुल्या समुद्रावरून जाते. एकच एंजिन, जवळ रेडिओ नाहीं, मार्ग दाखविणारें साधन नाहीं. अशा वेळीं खालीं जमीन असणें हाच काय तो आधार. म्हणून वाट अहमदाबादेवरून. कराची-अहमदाबाद ६०० आणि तेथून जुहू ४४०, मिळून १०४० किलोमीटर. उड्डाणालाच साडेसहा तास. शिवाय अहमदाबादेचा थांबा, जेथें पेट्रोलचे डबे बैलगाडींतून येत!

वारा यांत धरलेलाच नाहीं. विमानाचा वेग हा हवेंतला वेग. हवाच ताशीं तीस किलोमीटर उलट वाहूं लागली, तर जमिनीवरील वेग १३० उरतो आणि साडेसहाचे आठ तास होतात. वैमानिकास ही वजाबाकी पेट्रोल संपण्यापूर्वीं करावी लागे.

मुंबईची घड्याळें तर आणखी घोळ घालीत. १९०६ पासून देशांत प्रमाणवेळ आली, तरी या शहरानें आपली ३९ मिनिटें मागें असलेली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. प्रमाणवेळेनें कराची सोडून मुंबईच्या स्थानिक घड्याळाकडे पाहणाऱ्यास तेवढा प्रवास फुकटांत आंखूड झाल्याचें समाधान मिळे.

आणि विमानतळ तरी एका जागीं कोठें होता? पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई, तेव्हां टाटांचीं विमानें, वैमानिक आणि मिस्त्री पुण्यास येरवड्याच्या मैदानावर मुक्काम हलवीत. अहमदाबादेहून पुणें जुहूपेक्षां सुमारें ७५ किलोमीटर दूर. म्हणजे त्या सेवेचें अंतरही ऋतूप्रमाणें बदले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, वयाचीं ७८ वर्षें पूर्ण झाल्यावर, टाटांनीं कराची ते मुंबई हें उड्डाण लहानशा 'लेपर्ड मॉथ' विमानांतून पुन्हां केलें. मध्यंतरीं कराची परदेश झाली होती. तरी आकाश खुलें होतें. एप्रिल २०२५ मध्यें दोन्ही देशांनीं परस्परांच्या विमानांस तेंही बंद केलें. ज्यास मुंबईहून दुबईमार्गें कराची गांठावी लागते, त्याच्या वाटेचे सुमारें ३१०० किलोमीटर होतात; महावृत्ताचा कंस मात्र ८७५ चाच आहे.