वासानबोन : शिकोकूची हाताने मळलेली साखर

जपानच्या शिकोकू बेटावरील कागावा आणि तोकुशिमा या प्रांतांत तयार होणारी ‘वासानबोन’ ही फिकट पिवळसर, पिठासारखी मऊ साखर पारंपरिक कोरड्या मिठाईचा प्राण मानली जाते. अठराव्या शतकात शोगुन तोकुगावा योशिमुने यांनी देशांतर्गत ऊसलागवडीस उत्तेजन दिले. त्यानंतर हा व्यवसाय या भागात रुजला.

त्यासाठी ‘चिकुतो’ जातीचा बारीक ऊस लागतो. हिवाळ्यात रस आटवून केलेली कच्ची साखर कापडात गुंडाळतात आणि तरफेला दगड टांगून तिच्यातील काकवी दाबून काढतात. मग थोडे पाणी घालून ती हाताने मळतात व पुन्हा दाबाखाली ठेवतात. ‘सान’ म्हणजे तीन, ‘बोन’ म्हणजे तबक. तबकावर तीनदा मळण्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. आज काही कारखान्यांत ही मळणी पाच वेळाही होते. काकवीचा अंश मात्र मुद्दाम राहू दिला जातो. यंत्रातून निघालेल्या शुभ्र साखरेला नसलेला मंद स्वाद त्यातूनच येतो.

ही साखर किंचित ओलावून चेरीच्या लाकडी साच्यांत दाबली की चेरीची फुले, मेपलची पाने अशा ऋतुसूचक वड्या पडतात. चहाविधीत त्या पातळ माच्चा चहाबरोबर देतात. साच्यातील नक्षी उलटी आणि खोलगट कोरावी लागते. हे काम करणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. शिकणारे हात मिळाले नाहीत, तर वड्यांचे आकार जुन्या साच्यांपुरतेच राहतील.