इसाराचे खाते



आपल्या व्यवसायाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. दागिन्यांचे घाट व कारागिरीतील बारकावे यांवर अधिकाराने लिहिणारे वडीलधारे ज्ञातीत पुष्कळ आहेत. मी पडलो शाळामास्तर; हातोडी व फुंकणी मी कधी हाती धरली नाही. परंतु रिसोड तालुक्यातील केनवड येथे माझ्या वडिलांचे छोटे दुकान होते व त्यांच्या वह्या वारशाने मजकडे आल्या. त्यांतील एकाच बाबीविषयी, म्हणजे इसाराविषयी, लिहिण्याचे योजिले आहे.

पुढे करावयाच्या कामापोटी गिऱ्हाईक जी रक्कम आधी देते तिला आपल्याकडे इसार म्हणतात. कोठे विसार, कोठे बयाणा, तर जुन्या कागदांत संचकार. हा शेवटचा शब्द संस्कृत ‘सत्यंकार’ या शब्दाशी नाते सांगतो. याज्ञवल्क्यस्मृतीत सत्यंकार म्हणून घेतलेले द्रव्य दुप्पट परत करविण्याचा दंडक आहे. म्हणजे काम न करता पैसा दडपून बसणारा कारागीर त्या काळीही होताच! आपला वाशीम भागही मागणीबरहुकूम माल पुरविण्यात नवखा नव्हता. १७६९ साली कनकापूर येथे जानोजी भोसले व माधवराव पेशवे यांच्यात जो तह झाला, त्यात वाशीम व बाळापूर येथे विणलेले पाच हजार रुपयांचे कापड दरसाल पेशव्यांस देण्याचे कलम होते. असो.

इसार कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. पैसा गल्ल्यात पडला की तो आपला झाला, असे अजाण दुकानदारास वाटते. जमाखर्चाचे शास्त्र तसे मानीत नाही. १४९४ साली व्हेनिस येथे लुका पाचोली याने द्विनोंदी पद्धतीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. पण देण्याची व घेण्याची बाजू वेगळी राखावी एवढी गोष्ट आपल्या रोजकीर्द-खतावणी लिहिणाऱ्यांना समजावून देण्यास व्हेनिसच्या पंडिताची गरज नव्हती. वडिलांची रीत अशी: समजा, गिऱ्हाइकाने ४० रुपये इसार दिला. रोजकीर्दीत ते त्याच्या नावाने जमा, व खतावणीत त्याच्याच खात्यावर जमेच्या बाजूस. विक्रीच्या खात्यास त्या दिवशी हात लावावयाचा नाही. दागिना तयार होऊन हवाली केला म्हणजे पूर्ण किंमत, समजा १५० रुपये, त्याच्या नावे लिहावयाची व तेवढीच विक्री व घडणावळीत जमा धरावयाची. राहिलेले ११० आले की खाते उतरले. मधल्या काळात ते ४० रुपये म्हणजे दुकानदाराच्या डोक्यावरील देणे होय.

सुवर्णकाराचे खाते याहून अवघड, कारण त्यास रोकडीबरोबर जिन्नसही येतो. घरची जुनी मोड गिऱ्हाईक आणून देई. तिचे वजन तोळे, मासे, गुंजांत (बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा) दुसऱ्या रकान्यात लिहिले जाई व गाळल्यावर आलेली घट त्याच्यासमक्ष मांडली जाई. मोडीची मालकी गिऱ्हाइकाचीच राहते. १८७२ च्या करार कायद्यातील कलम १७० खाली याचे दोन सुबोध दाखले आहेत. जवाहिऱ्याकडे पैलू पाडण्यास दिलेला कच्चा हिरा, मजुरी मिळेतो जवाहिऱ्यास अडवून ठेवता येतो. परंतु कोट शिवताच देईन व शिलाईसाठी तीन महिने थांबेन असे कबूल करणाऱ्या शिंप्यास तो कोट अडविता येत नाही. भावाचाही तंटा असेच. इसाराच्या दिवसाचा भाव की हवाली करतानाचा? वडील प्रत्येक नोंदीपुढे ‘भाव बांधला’ किंवा ‘पडेल तो भाव’ हे शब्द लिहून गिऱ्हाइकास वाचून दाखवीत. निरक्षर गिऱ्हाइकाला तर दोनदा.

या रीतीची कसोटी १९६३ च्या जानेवारीत लागली. चीनच्या आक्रमणानंतर देशात आणीबाणी होती. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकीर्दीत, भारत संरक्षण नियमांखाली, १० जानेवारीपासून सुवर्ण नियंत्रण अमलात आले व १४ कॅरटपेक्षा अधिक कसाचा दागिना घडविण्यास बंदी झाली. २२ कॅरटमध्ये २४ भागांत २२ भाग सोने. १४ कॅरटमध्ये जेमतेम ५८ टक्के. असले मंगळसूत्र लेकीच्या गळ्यात घालण्यास वऱ्हाडातील कोणता बाप राजी होणार? त्यात दिवस पौषाचे. कापसाचा पैसा नुकताच हाती आलेला, माघ-फाल्गुनातील लग्नांचे इसार घेतलेले, आणि काम बंद! मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. पुढील हकीकत मातोश्रींच्या तोंडून ऐकलेली व वहीवरून पडताळलेली आहे.

लोक दारी आले. ‘दादा, आता आमच्या पैशाचं कसं?’ एवढेच त्यांचे विचारणे. वडिलांनी इसाराची रक्कम एका पत्र्याच्या डब्यात निराळी ठेवलेली होती. खतावणी पुढे घेऊन त्यांनी एकेक खाते काढले, रोकड परत केली, न गाळलेली मोड तोलून दिली व अंगठा घेतला. घरात त्या महिन्यात तेल-मिठाची ओढ झाली. तथापि देणे राहिले नाही. जवळच्याच एका गावी आमच्या ओळखीचे दुसरे दुकान होते. ते गृहस्थ लबाड नव्हते. परंतु इसारास मिळकत समजून त्यांनी तो घरच्या कार्यात खर्ची घातला होता. त्यांना रातोरात गाव सोडावे लागले. देशभर त्या काळात कित्येक कारागीर देशोधडीस लागले, कित्येकांनी जीव दिला. त्या सर्वांचा दोष वहीवर टाकणे अन्यायाचे होईल. कायदाच अविचाराने आला होता, असे माझे स्पष्ट मत आहे. कसाची अट १९६६ साली उठली, १९६८ साली स्वतंत्र कायदा झाला व तो १९९० साली रद्द झाला. वडिलांनी मधली वर्षे चांदीची जोडवी व वाळे करून काढली.

त्या खतावणीतील एक खाते मात्र अद्याप उतरलेले नाही. जमेस ११ रुपये, ‘पडेल तो भाव’, नथीसाठी. ते कुटुंब कामधंद्यासाठी परमुलखी गेले, ते पुन्हा आले नाही. दर दिवाळीस नवी वही घालताना वडील ती बाकी पुढे ओढीत. त्यांच्या पश्चात मीही ओढीत आलो. दुकान नाही, वही आहे. त्या घरचे कोणी हा अंक वाचीत असल्यास नथीचा उल्लेख करून मंडळाच्या पत्त्यावर मला लिहावे. नाव मी येथे मुद्दाम छापलेले नाही.