१८९७ चा साथरोग अधिनियम : अधिकार, सक्ती आणि माघार

साथीच्या रोगाच्या काळात शासनसंस्थेने प्रजाजनांच्या देहावर, घरावर आणि संचारावर किती अधिकार चालवावा, हा प्रश्न अर्वाचीन भारतात सर्वांत तीव्रतेने उपस्थित झाला तो १८९६-९७ च्या प्लेगच्या निमित्ताने. त्या वेळी संमत झालेला १८९७ चा तिसरा अधिनियम, म्हणजेच साथरोग अधिनियम, काही दुरुस्त्यांसह अद्याप अमलात आहे. २०२० च्या कोविड-१९ साथीतही राज्य सरकारांनी प्रथम त्याचाच आधार घेतला. पुण्यातील झडत्या, रँडचा वध आणि लोकमान्य टिळकांवरील खटला ह्या घटना महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात सुपरिचित आहेत. त्यांच्या मुळाशी असलेल्या कायद्याची कलमे मात्र त्या कथनात सहसा पार्श्वभूमीलाच राहतात. ह्या कायद्याने सरकारला कोणते अधिकार दिले, त्या अधिकारांना मर्यादा कोठून पडली आणि ती मर्यादा कायद्याच्या शब्दांत उतरली की नाही, ह्या तीन मुद्द्यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. अधिनियमाची पार्श्वभूमी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस ह्या गोमंतकीय वैद्याने ग्रंथिक सन्निपाताचे रोगी प्रथम ओळखले. त्या वेळी मुंबई म्युनिसिपालिटीच्या हाती साधन होते ते १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याचे. भयंकर रोगाचा प्रादुर्भाव झाल्यास सरकारच्या मंजुरीने विशेष उपाय योजण्याची मुभा त्या कायद्याने आयुक्ताला दिली होती. तिच्या आधारे ऑक्टोबर १८९६ मध्ये आयुक्त स्नो ह्यांनी जाहीरनामा काढून रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा अधिकार घेतला. शहरात एकच घबराट उडाली. गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला, हजारो लोक शहर सोडू लागले आणि ऑक्टोबरअखेर ह्या सक्तीला मुरड घालणे म्युनिसिपालिटीला भाग पडले.

म्हणजे सक्तीचा पहिला प्रयोग फसल्यानंतर सुमारे तीनच महिन्यांनी अधिक व्यापक सक्तीचा कायदा आला. ह्या विसंगतीचे एक प्रमुख कारण देशाबाहेरचे होते. मुंबई हे साम्राज्याच्या व्यापाराचे मुख्य बंदर. तेथून येणाऱ्या जहाजांवर आणि मालावर युरोपीय राष्ट्रे निर्बंध घालू लागली होती, आणि १८९७ च्या आरंभी प्लेगच्याच प्रश्नावर व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थान सरकार रोगाचा बंदोबस्त कठोरपणे करीत आहे, हे परराष्ट्रांस दिसणे आवश्यक होते. २८ जानेवारी १८९७ रोजी जॉन वुडबर्न ह्यांनी गव्हर्नर-जनरलच्या कायदेकौन्सिलात विधेयक मांडले, आणि ४ फेब्रुवारीस, म्हणजे एका आठवड्यात, त्याचे कायद्यात रूपांतर झाले.

२. चार कलमांचा कायदा

मूळ अधिनियमात अवघी चार कलमे होती. पहिले कलम नाव व व्याप्ती सांगणारे. दुसरे कलम हा कायद्याचा प्राण होय. देशाच्या कोणत्याही भागात धोकादायक साथरोगाचा प्रादुर्भाव झाला आहे अथवा होण्याची भीती आहे अशी गव्हर्नर-जनरल-इन-कौन्सिलची खात्री झाली, आणि प्रचलित कायदे अपुरे आहेत असे त्यास वाटले, तर त्याने आवश्यक वाटतील ते उपाय योजावेत व तात्पुरते नियम करावेत, असे हे कलम सांगते. हा अधिकार प्रांतिक सरकारांकडे सोपविण्याचीही त्यात तरतूद होती. जहाजांची तपासणी व अडकवणूक, रेल्वेच्या वा अन्य उतारूंची तपासणी आणि तपासणी अधिकाऱ्यास ज्यांच्याविषयी संशय येईल अशा व्यक्तींचे विलगीकरण ह्यांचा त्यात नावानिशी उल्लेख होता. तिसऱ्या कलमान्वये नियमभंग हा भारतीय दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखालील अपराध ठरला. चौथ्या कलमाने, ह्या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणाही व्यक्तीविरुद्ध दावा वा अन्य कारवाई चालणार नाही, असे संरक्षण दिले.

ह्या रचनेत काय नाही हे पाहणेही तितकेच उद्बोधक आहे. ‘धोकादायक साथरोग’ म्हणजे काय, ह्याची व्याख्या नाही. नियम तात्पुरते म्हटले असले, तरी त्यांची मुदत सांगितलेली नाही. विलगीकरणात ठेवलेल्या मनुष्यास कोणाकडे दाद मागता येईल, त्याच्या अन्नाची व शुश्रूषेची जबाबदारी कोणाची, ह्याचा उल्लेख नाही. नुकसानभरपाईचा निर्देश दुसऱ्या कलमात येतो. परंतु तो खर्चाच्या तरतुदीत, ‘असल्यास’ अशा पुस्तीसह. ज्याचे सामानसुमान जाळले गेले त्याला भरपाई हक्काने मिळत नव्हती, ती सरकारच्या मर्जीवर होती. संशय अधिकाऱ्याचा, खात्री सरकारची आणि सद्भावनेचे कवच दोघांनाही, असे ह्या कायद्याचे थोडक्यात स्वरूप आहे.

३. पुण्यातील अंमलबजावणी

ह्या अधिकारांचा सर्वांत कठोर वापर पुण्यात झाला. वॉल्टर चार्ल्स रँड ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली, आणि मार्च ते मे १८९७ ह्या काळात गोऱ्या शिपायांच्या तुकड्यांनी घरोघर झडत्या घेतल्या. माजघर, स्वयंपाकघर व देवघर ह्यांत प्रवेश, रोग्यांची इस्पितळात आणि त्यांच्या कुटुंबीयांची छावणीत रवानगी, सामानाची जाळपोळ, उघड्यावर होणारी स्त्रियांची तपासणी ह्या तक्रारी समकालीन वृत्तपत्रांतून व अर्जांतून वारंवार आढळतात. पंडिता रमाबाईंनीही पुण्याच्या प्लेग इस्पितळातील व छावणीतील स्त्रियांच्या स्थितीविषयी वृत्तपत्रात पत्र लिहून जाहीर आवाज उठविला. म्हणजे ही तक्रार केवळ सनातनी मताची नव्हती.

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. रोगप्रतिबंधाला सरसकट विरोध, असे ह्या असंतोषाचे वर्णन करणे यथार्थ होणार नाही. टिळकांनी स्वच्छता व विलगीकरण ह्यांची आवश्यकता मान्य केली होती, आणि पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ चालविण्यात पुढाकार घेतला होता. सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत असतानाच प्लेगने आजारी पडून १० मार्च १८९७ रोजी मृत्यू पावल्या. वाद होता तो अंमलबजावणीच्या रीतीविषयी, आणि तीविरुद्ध दाद मागण्याची सोय नसल्याविषयी.

न्यायालयाची वाट चौथ्या कलमाने जवळजवळ बंद केल्यावर तक्रारीला उरली ती वृत्तपत्रांची आणि सभांची वाट. तीही लवकरच संकटात आली. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड ह्यांच्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड ३ जुलै रोजी मरण पावले. सरकारने नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली चौकशीविना स्थानबद्ध केले. टिळकांना राजद्रोहाच्या १२४-अ कलमाखाली १४ सप्टेंबर १८९७ रोजी अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी इंग्लंडमध्ये शिपायांच्या अत्याचारांविषयी आरोप केले होते. पुराव्यादाखल कोणी पुढे न आल्याने मायदेशी परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. आरोग्याचा कायदा, स्थानबद्धतेचे रेग्युलेशन आणि राजद्रोहाचे कलम ही तीन शस्त्रे अशा रीतीने एकाच वर्षात परस्परपूरक ठरली.

४. ज्ञान आणि अधिकार

सक्तीच्या समर्थनार्थ शास्त्राचा आधार सांगितला जात असे. परंतु ते शास्त्र त्या वेळी अपूर्ण होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिन ह्यांनी शोधला होता. त्याचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो हा सिद्धांत मात्र पॉल-लुई सिमाँ ह्यांनी १८९८ मध्ये मांडला, आणि त्यास सर्वमान्यता मिळण्यास विसाव्या शतकाचे पहिले दशक जावे लागले. गाठीचा प्लेग माणसापासून माणसाला क्वचितच होतो. त्यामुळे माणसे पकडून वेगळी ठेवण्यावर जो भर दिला गेला, तो रोगाच्या मूळ मार्गाला फारसा अडवू शकत नव्हता. ज्ञान बदलेल तसे नियम तपासून पाहण्याचे बंधन कायद्याने सरकारवर घातले असते, तर ही चूक लवकर ध्यानात येण्यास वाव होता. तसे बंधन त्यात नव्हते.

५. माघार आणि तिचे स्वरूप

१८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली आणि १९०० मध्ये कानपुरात तिची पुनरावृत्ती झाली. दरम्यान प्रोफेसर फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिशन बसले. ह्या काळात सरकारने आपले धोरण क्रमाने सौम्य केले. लष्करी झडत्या थांबल्या, खाजगी व जातवार इस्पितळांना उत्तेजन मिळाले, स्थानिक पुढाऱ्यांचे साहाय्य घेण्यात आले आणि वॉल्डेमार हाफकिन ह्यांनी मुंबईत तयार केलेली लस ऐच्छिक उपाय म्हणून पुढे करण्यात आली. सक्तीने प्लेग आटोक्यात येत नाही आणि राज्यकारभार मात्र धोक्यात येतो, हे सरकारला उमगले होते.

तथापि ही माघार परिपत्रकांतून आणि प्रशासकीय आदेशांतून झाली. अधिनियमातील अधिकारांचा एक शब्दही त्यामुळे संकुचित झाला नाही. लोकांनी मोठी किंमत देऊन जी मर्यादा मिळविली, ती सरकारी धोरणाची मर्यादा होती, कायद्याची नव्हे. धोरण बदलणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर ती विस्मृतीत जाणे स्वाभाविक होते.

६. उत्तरकाल

पुढील दुरुस्त्यांनी अधिकाराचे वाटप बदलले. उतारूंच्या तपासणीचे व सर्वसाधारण उपायांचे अधिकार प्रांतांकडे, नंतर राज्यांकडे राहिले, तर २-अ कलमान्वये केंद्राकडे मुख्यतः बंदरांतील जहाजांपुरता अधिकार आला. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यातच ह्या अधिनियमाचा अवलंब करण्यात आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याखाली कोविड-१९ विषयक विनियम जारी केले. देशव्यापी टाळेबंदीसाठी मात्र केंद्राला २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचा आश्रय घ्यावा लागला, कारण १८९७ च्या कायद्यात केंद्रासाठी तेवढी जागाच नव्हती.

एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने व त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील दुरुस्ती अधिनियमाने आरोग्यसेवकांवरील हिंसेस तीन महिने ते पाच वर्षे, आणि जबर दुखापत झाल्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची शिक्षा ठरविली. केंद्राचे अधिकारही रेल्वे, बस आणि विमानांपर्यंत विस्तारले. आरोग्यसेवकांना संरक्षण देणे निःसंशय आवश्यक होते. परंतु ह्या दुरुस्तीने ज्या व्याख्या घातल्या त्या हिंसाचाराच्या, आरोग्यसेवकाच्या आणि मालमत्तेच्या. ‘धोकादायक साथरोग’ हा शब्दप्रयोग १८९७ प्रमाणेच अव्याख्यात राहिला. दाद मागण्याची यंत्रणा आणि नियमांची मुदत ह्यांविषयीचे मौनही कायम राहिले. विधि आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील २८६ व्या अहवालात ह्या कायद्यातील उणिवा दाखवून त्यात योग्य दुरुस्ती करावी किंवा नवा सर्वसमावेशक कायदा करावा, अशी शिफारस केली.

१८९७ आणि २०२० ह्यांच्यामध्ये भारताची राज्यघटना उभी आहे, हे अर्थातच विसरता येत नाही. आज नागरिकास मूलभूत हक्कांच्या आधारे उच्च न्यायालयात जाता येते, आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयानंतर खाजगीपणावरील निर्बंधास कायद्याचा आधार, योग्य हेतू व प्रमाणशीरता ह्या कसोट्या लागतात. मात्र न्यायालयीन दाद बहुधा हानी झाल्यानंतरची असते, आणि छावणीत किंवा रस्त्यावर अडकलेल्या मनुष्याच्या ती क्वचितच हाताशी असते. मर्यादा कायद्याच्या कलमातच असेल, तर ती नियम करणाऱ्या व अमलात आणणाऱ्या अधिकाऱ्याला आरंभापासून बांधते.

प्लेगच्या इतिहासातून निष्पन्न होते ते एवढेच की, साथीच्या काळात अधिकाराची गरज असते ह्याविषयी १८९७ मध्येही फारसा मतभेद नव्हता. मतभेद होता तो उत्तरदायित्वाविषयी. त्या मतभेदाचा निकाल पुण्यात, मुंबईत आणि कानपुरात रस्त्यावर लागला. विधिमंडळात तो लावण्याचे कार्य अद्याप शेष आहे.