डायल-अप जोडणीवरील संगणकात बाहेरून प्रवेश : दोषशोधन

साध्या दूरध्वनी तारेवर मोडेमने जोडलेल्या संगणकाचा ताबा दूरच्या ठिकाणाहून घेता येत नसल्यास अडथळा कोठे आहे, हे क्रमाने शोधण्याची पद्धत. समजा, संगणक परभणीत आणि तंत्रज्ञ औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) आहे; रेल्वेने हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. एका बिघाडासाठी तंत्रज्ञाने एवढा प्रवास करण्याऐवजी तारेवरूनच काम उरकावे, हा या खटाटोपाचा हेतू.

पार्श्वभूमी : विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, ती महानगरांत. जिल्ह्याच्या गावी त्याआधी पोचले होते ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे उपग्रहाधारित निकनेट, मात्र ते सरकारी कामापुरते. भारत संचार निगमाने १ ऑक्टोबर २००० रोजी कारभार हाती घेतल्यावर त्याच्या संचारनेट सेवेत ठरावीक क्रमांक फिरवून इंटरनेट मिळू लागले. ग्रामीण महाराष्ट्रातील मोठा प्रयोग वारणा खोऱ्यात झाला. १९९८ पासून तेथील सुमारे ७० गावांतील केंद्रे वारणानगरशी जोडण्यात आली.

दोन रीती : (१) बाहेरचा मोडेम थेट संगणकाच्या दूरध्वनी क्रमांकावर फोन करतो. दोन्ही टोकांना साधी तार असल्याने वेग सेकंदाला ३३.६ किलोबिटच्या वर जात नाही. ‘५६ के’ हा वेग सेवा देणाऱ्याच्या टोकाला डिजिटल जोडणी असेल तरच संभवतो. (२) संगणक स्वतः इंटरनेटला जोडला जातो आणि बाहेरचा माणूस त्याच्या आयपी पत्त्यावर येतो. दोन्ही रीतींचे दोष वेगळे आहेत. एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

तार : तपासणी नेहमी येथून सुरू करावी. प्रोग्रॅमच्या सेटिंग आधी बदलल्या, की मूळचा दोष झाकला जातो. मोडेम काढून त्या जागी साधा फोन लावावा आणि ऐकावे. खरखर असेल तर दोष तारेचा. परभणीची काळी जमीन पावसाने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पुरलेल्या केबलीच्या सांध्यांवर ताण येतो, आणि सांधा उघडला की पहिल्याच पावसात पाणी शिरते. याची तक्रार १९८ वर नोंदवावी. मोडेम जोडला जात असून वेग दर वेळी कमी-जास्त होत असेल, तर कमाल वेग उतरवावा. ३३,६०० वर तुटणाऱ्या जोडणीपेक्षा १९,२०० वर टिकणारी जोडणी कामाची. पॅरलल फोन उचलला गेला किंवा ‘कॉल वेटिंग’चा बीप आला तरी जोडणी तुटते. एक्स्चेंज जुने असल्यास टोनऐवजी पल्स डायलिंग निवडावे.

मोडेमचे संदेश नीट वाचावेत. ‘नो डायलटोन’ म्हणजे तार मृत किंवा पिन सैल. ‘नो कॅरिअर’ म्हणजे फोन लागला, पण दोन मोडेमचे जुळले नाही. थेट रीतीत घंटा वाजत राहते आणि कोणी उचलत नाही, तेव्हा मोडेमचे एस० रजिस्टर पाहावे. तेथे शून्य असल्यास मोडेम फोन उचलतच नाही; ‘एटीएस०=१’ ही आज्ञा दिल्यास पहिल्या घंटेला उचलतो. त्याच तारेवरचे फॅक्स यंत्र आधी उचलत नाही ना, हेही पाहावे.

भारनियमनात एक्स्चेंज बॅटरीवर चालू राहते, म्हणून फोन जिवंत आणि संगणक बंद अशी फसवी स्थिती येते. वीज परतल्यावर संगणक आपोआप सुरू होईल, असे बायोसमध्ये ठरवून ठेवावे.

डब्ल्यूएलएल (बिनतारी) दूरध्वनी : सीडीएमए संचात आवाज संकुचित होत असल्याने साधा मोडेम चालत नाही, संचाची डेटा केबल लागते.

पत्ता : दुसऱ्या रीतीतील मुख्य अडचण. डायल-अपवर प्रत्येक जोडणीला बहुधा नवा आयपी पत्ता मिळतो. कालच्या पत्त्यावर ठोठावणारा माणूस अनोळखी ग्राहकाच्या संगणकावर पोचू शकतो. म्हणून ‘आयपीकॉन्फिग’ने ताजा पत्ता पाहून तो दुसऱ्या फोनवरून कळवावा. पत्ता १०., १९२.१६८. किंवा १७२.१६ ते १७२.३१ या गटांतील असल्यास तो खाजगी होय. त्यावर बाहेरून थेट प्रवेश होत नाही, आणि ग्राहकाकडच्या कोणत्याही सेटिंगने तो होणार नाही.

दार : ‘नेटस्टॅट’मध्ये सेवा ऐकत्या अवस्थेत दिसली पाहिजे : रिमोट डेस्कटॉप ३३८९, व्हीएनसी ५९००. बाहेरून ‘जोडणी नाकारली’ असे लगेच कळल्यास पत्त्यावर यंत्र आहे, पण त्या दारामागे बहुधा कोणी नाही. बराच वेळ थांबून ‘मुदत संपली’ असे आल्यास वाटेत फायरवॉल आहे किंवा पत्ताच चुकला आहे. या एका फरकाने निम्मा शोध संपतो. विंडोज एक्सपीच्या ऑगस्ट २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल मुळातच चालू असते. एक्सपी होम आवृत्ती रिमोट डेस्कटॉपने बाहेरच्याला आत घेत नाही.

उलट जोडणी : आत येता येत नसल्यास आतल्या संगणकाने बाहेर यावे. व्हीएनसीमध्ये तंत्रज्ञाचा प्रोग्रॅम ५५०० वर वाट पाहतो आणि परभणीचा संगणक त्याच्याकडे जातो. खाजगी पत्त्याची अडचण यात राहत नाही. मात्र संगणकापाशी बसलेल्या माणसाला काही गोष्टी फोनवर समजावून सांगाव्या लागतात. त्यातही घरात एकच तार असेल, तर इंटरनेट चालू असताना फोन बंद. म्हणून सूचना आधी कागदावर उतरवून घ्यायला सांगाव्यात. दुसऱ्या टोकाच्या या माणसाचा वाटा तंत्रज्ञाइतकाच मोठा असतो.

सुरक्षितता : संकेतशब्दाविना दार उघडे ठेवू नये, काम संपताच बंद करावे.

उत्तरकाळ : जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाची डेटावन ब्रॉडबँड सेवा सुरू झाली, पुढे डायल-अप मागे पडले.