कॅप्टन नेमोचे पुनर्दर्शन

बालपणी आवडलेले पुस्तक प्रौढपणी पुन्हा हाती घेतले असता बहुधा निराशाच पदरी येते. आठवणीतला डोंगर टेकडीएवढा भासू लागतो. परंतु ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराच्या बाबतीत नेमके उलट घडले. इंग्रजी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी मुलांचा लेखक म्हणून ज्याला मागे टाकले, तो प्रौढ दृष्टीने वाचला गेला तेव्हा अधिकच थोर ठरला. कारण उणेपणा त्याच्या लेखनात नव्हता. वाचकांच्या हाती आलेल्या भाषांतरांत होता.

व्हर्नचा जन्म 1828 साली नांत शहरी झाला. त्याची समुद्राखालील वीस हजार लीगांच्या प्रवासाची कादंबरी 1869-70 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. थोड्याच वर्षांत लुईस मर्सियर नावाच्या धर्मोपदेशकाने ती इंग्रजीत आणली आणि मूळ ग्रंथाचा जवळजवळ चौथा हिस्सा गाळून टाकला. कात्री मुख्यतः शास्त्रीय भागावर चालली. जे उरले तेही सुरक्षित राहिले नाही. पाणबुड्याच्या पोषाखाला मर्सियरने ‘बुचाचे जाकीट’ म्हटले! बुचाचे जाकीट मनुष्याला तरंगत ठेवण्यासाठी असते; ते घालून समुद्राच्या तळावर चालायचे कसे? असे प्रमाद वाचून सुज्ञ वाचक हसले आणि दोष मात्र व्हर्नच्या माथी बसला. त्याचे शास्त्र कच्चे आहे, त्याच्या गोष्टी पोरांनीच वाचाव्यात, असा समज दृढ झाला.

हा समज प्रथम उलथून टाकण्याचे श्रेय न्यूयॉर्कमधील प्राध्यापक वॉल्टर जेम्स मिलर यांना आहे. 1965 च्या सुमारास, वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी प्रचलित इंग्रजी भाषांतर मूळ फ्रेंच ग्रंथाशी ताडून पाहिले, आणि हरवलेली पृष्ठे त्यांच्या नजरेस आली. पुढे फ्रेडरिक पॉल वॉल्टर यांच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केलेली संपूर्ण आवृत्ती 1993 मध्ये प्रसिद्ध झाली.

परंतु सर्वांत मोठी उलथापालथ ‘गूढ बेट’ या 1874-75 मधील कादंबरीत झाली होती, आणि तिचा संबंध थेट हिंदुस्थानाशी आहे. नॉटिलस पाणबुडीचा स्वामी कॅप्टन नेमो हा आरंभी व्हर्नच्या मनात रशियाचा सूड घेणारा पोलिश सरदार होता. रशियातील खप बुडेल या भीतीने प्रकाशक एत्झेल यांनी त्यास हरकत घेतली, आणि नेमो कोण हे पहिल्या कादंबरीत अनुक्तच राहिले. ‘गूढ बेटा’त मरणोन्मुख नेमो आपली ओळख सांगतो : तो बुंदेलखंडाच्या राजाचा पुत्र, टिपू सुलतानाचा पुतण्या, राजपुत्र डक्कर. 1857 च्या उठावात तो लढला, त्याचे कुटुंब नष्ट झाले, आणि पराभूत होऊन तो समुद्रात उतरला.

1875 मध्ये किंग्स्टन यांच्या नावाने लंडनमध्ये निघालेल्या भाषांतरात हाच भाग फिरवण्यात आला. हिंदी लोकांना महत्त्वाकांक्षी राजांनी चिथावले, आणि इंग्रजांनी तर अराजक मोडून देशात शांतता नि भरभराट आणली होती, असा मजकूर तेथे घातला गेला. परदास्याविरुद्ध झगडलेल्या हिंदी वीराच्या कहाणीतच त्या दास्याचे गुणगान आले! इंग्रजीतून हे पुस्तक वाचणाऱ्या हिंदी विद्यार्थ्याला आपलाच माणूस परक्याच्या मुखाने ऐकावा लागला. 2001 साली या कादंबरीची दोन नवी भाषांतरे निघाली, आणि डक्करला त्याची वाणी परत मिळाली.

मराठीत भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कथा मुलांपर्यंत पोचवल्या. त्या वाचून मोठी झालेली मुले आज पुष्कळ वयाची आहेत. त्यांनी व्हर्न पुन्हा उघडावा, आणि मन्नारच्या आखातातील प्रसंगापाशी थांबावे. मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क मासा झडप घालतो. नेमो केवळ खंजीर घेऊन त्यास सामोरा जातो, आणि पुढे त्या भेदरलेल्या माणसाच्या हाती मोत्यांची थैली ठेवतो. बालवाचकाचा श्वास त्या शार्कपाशी अडकतो. प्रौढ वाचकाला मात्र ती थैली दिसते, आणि मनुष्यमात्राशी नाते तोडलेला हा पुरुष एका अनोळखी पाणबुड्यासाठी प्राण पणाला का लावतो, हे त्यास उमगते.